मुजावर मॅडम आणि चार बोल्ट

आमच्या ऑफिसात दर जुलैत नवीन मुलं येतात. पहिल्या आठवड्यात मी स्टीलचं एक ताट आणि खराट्याच्या काड्या घेऊन त्यांना फायनाइट एलिमेंट म्हणजे काय ते शिकवतो. मुलांना ते फार आवडतं. शेवटी कोणीतरी हमखास विचारतं, "सर, तुम्हाला हे असं कोणी शिकवलं?" मी म्हणतो, "कॉलेजात होते एक सर."

कॉलेजात असे कोणी सर नव्हते. ते ताट रझिया मुजावर यांच्या डब्याचं होतं आणि काड्या त्यांनी ऑफिसच्या खराट्यातून ओढून काढल्या होत्या. मला त्यांचं नाव घेता येत नाही. घेतलं तर पुढचा प्रश्न येतो, "त्या आता कुठं असतात?" आणि मग बाकीचं सांगावं लागतं. ते आज सांगतो.

तेव्हा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली पावडर कोटिंग चालायचं, त्यामुळे जिन्यात कायम भाजलेल्या रंगाचा वास. वर आम्ही अकरा जण संगणकांपुढे बसलेलो. चाकणच्या कंपन्या आम्हाला त्यांच्या भागांची ड्रॉइंग पाठवायच्या आणि आम्ही तो भाग बनायच्या आधीच सांगायचो, की एवढा भार टाकला तर तो कुठं वाकेल, कुठं तुटेल.

मुजावर मॅडम तिथं सगळ्यांत जुन्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, साधा सलवार-कमीज आणि पायात सेफ्टी शूज. कारखान्यात घालतात ते, पुढं लोखंडी टोपी असलेले काळे बूट. ऑफिसात बसून काम करणाऱ्या बाईला याची गरज काय, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. "कारखान्यात जायची वेळ आली की लोक बूट शोधत बसतात आणि मग जातच नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसरी खोड लग्नपत्रिकांची. कुणाच्याही घरातलं लग्न आटोपलं की त्या पत्रिका मागून घ्यायच्या. संगणकावर काही करायच्या आधी पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलनं ढोबळ हिशेब मांडायचा, हा त्यांचा नियम. "कागद जाड असतो, हरवत नाही, आणि फेकायचं कुणाच्या जिवावर येत नाही." त्यांच्या ड्रॉवरमध्ये गणपतीच्या छापाखाली, चाँदताऱ्याखाली, कुणाच्या शुभविवाहाच्या पाठीमागं ट्रकच्या कण्यांची आणि क्रेनच्या हुकांची गणितं होती.

त्यांच्या वडिलांचं मिरजेला ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दुरुस्त करायचं दुकान होतं. लहानपणी शाळेतून आलं की तुटलेले पाटे लावून ठेवायचं काम त्यांच्याकडं. "पाटा मोकळ्या जागी क्वचितच तुटतो. जिथं आवळून धरलेला असतो, तिथंच तुटतो. अब्बांना हे दिसत होतं, त्याचं गणित ठाऊक नव्हतं. मला गणित कॉलेजात मिळालं. दोन्ही जुळायला मात्र लई वर्षं गेली."

मी कामाला लागलो तेव्हा मला सॉफ्टवेअर उत्तम यायचं. कुठलं बटण कुठं आहे ते झोपेतही सांगितलं असतं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात डब्यातलं ताट रिकामं करून पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"याचा घेर मोज. दोरी नाही, टेप नाही. फक्त या सरळ काड्या."

मी चार काड्यांची टोकं ताटाच्या काठाला लावून आत चौकोन केला.

"बरोबर आहे?"

"नाही. कमी येतंय. मधली गोलाई सुटते."

"मग?"

मी काड्या मोडल्या. आठ झाल्या. मग सोळा. आकार गोल दिसायला लागला.

"थांबायचं कधी?" त्यांनी विचारलं.

"जितके बारीक तुकडे, तितकं चांगलं."

"मग जन्मभर काड्या मोडत बस. अरे, तुकडे निम्मे केले तरी उत्तर हलेनासं झालं की थांबायचं." त्यांनी काड्या गोळा केल्या. "झालं बघ. अख्खी वाकडीतिकडी वस्तू एकदम समजत नाही, म्हणून तिचे लहान तुकडे करायचे. एका तुकड्याचं गणित सोपं, स्प्रिंगसारखं. ओढला की ताणतो. तुकडे कोपऱ्याकोपऱ्याला एकमेकांना बांधलेले, त्यामुळं एक हलला की शेजारचा ओढला जातो. अशी लाखभर गणितं एकत्र मांडली की झालं. ती संगणक सोडवतो."

"आणि आपण काय करायचं?"

"आपण त्याला खोटं सांगायचं नाही. खोटं सांगितलंस तर तोही खोटंच सांगणार. वर रंगीत करून सांगणार."

त्यांनी टेबलाच्या कडेवर स्टीलची फूटपट्टी ठेवली, अर्धी बाहेर. आतलं टोक एका बोटानं दाबून धरलं आणि मला बाहेरच्या टोकावर चहाचा कप ठेवायला सांगितलं. पट्टी वाकली, बोटाखालून उचकली आणि कप मी कसाबसा झेलला. मग त्यांनी आतल्या भागावर पूर्ण पंजा दाबला. तीच पट्टी, तोच कप. या वेळी पट्टी जराशी वाकून थांबली.

"भार किती, हे सगळे विचारतात. धरलंय कशानं, हे कोणी विचारत नाही."

पुढं पाच वर्षं मी हा प्रश्न रोज ऐकला. कुणीही मॉडेल दाखवायला नेलं की त्या रंगांकडं बघायच्याच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावायच्या आणि विचारायच्या, "धरलंय कशानं?"

त्या गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. तेजस नावाच्या एका मुलाच्या कामाला त्या सगळ्यांसमोर "ही काय कोबी चिरलीय का?" म्हणाल्या आणि तो पोरगा बाथरूममध्ये जाऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि ते काम त्याच्याकडून पहिल्यापासून करून घेतलं. कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. काम फारच चांगलं असलं तर म्हणायच्या, "चालेल." आम्ही पोरं त्या "चालेल"साठी जीव टाकायचो.

एकदा चाकणहून एका कंपनीचे मॅनेजर रिपोर्ट न्यायला स्वतः आले होते. मॅडमनी त्यांना बाहेर बसवून ठेवलं. पाटणकर साहेब, म्हणजे आमचे मालक, आत येऊन कुजबुजले, "मॅडम, अर्धा तास झाला हो."

"चौकटीचं वजन दोनशे किलो आहे. मॉडेलच्या पायांखाली एकशे ऐंशीच येतंय. वीस किलो कुठं गेले? हवेत?"

"वीस किलोनं काय फरक पडतो?"

"तेच बघायचंय की."

ते वीस किलो माझे होते. एका आडव्या पट्टीला मी वजन द्यायचंच विसरलो होतो, त्यामुळे संगणकाच्या लेखी ती पट्टी कापसाची झाली होती. सापडल्यावर मॅडम बाहेर गेल्या आणि त्या मॅनेजरना म्हणाल्या, "आमच्याकडून चूक झाली होती. आता बरोबर आहे." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तेव्हा मला ते साधं वाटलं.

पुढं मला टीम लीड केलं. मॅडम माझ्याहून अकरा वर्षांनी जुन्या, पण गिऱ्हाइकासमोर माझं इंग्रजी बरं चालायचं आणि मी कुणाला बाहेर बसवून ठेवत नसे. बढतीचं कळल्यावर मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती. त्याच माझ्या टेबलापाशी आल्या. "अभिनंदन. आता मीटिंगा तू कर. मला काम करू दे." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

मग ती उचलायची चौकट आली.

महाळुंग्याच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स उचलून पुढच्या टेबलावर ठेवायला साखळीला टांगलेली एक चौकट हवी होती. चौकटीच्या दोन्ही टोकांना लोखंडी पाट्या, प्रत्येक पाटी चौकटीच्या आडव्या तुळईला चार बोल्टांनी आवळलेली. गिअरबॉक्स लटकणार त्या पाट्यांना. मॅडमनी मॉडेलमध्ये पाटी चार बोल्टांनीच धरली, प्रत्यक्षात असणार होती तशी. भार आला की बोल्टांच्या मधली पाटी तुळईपासून किंचित सुटत होती, आणि भोकांच्या कडेला ताण मर्यादेच्या बराच वर जात होता. पत्रिकेच्या पाठीवरचा हिशेबही तेच सांगत होता. त्यांनी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं, "पाटी जाड करावी. आधार जोडावा. याशिवाय वापरू नये." आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तीन दिवस मिरजेला गेल्या.

त्याच दिवशी दुपारी कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. पाट्या कापून झाल्या होत्या, लाइन सोमवारी सुरू करायची होती. पाटणकर साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "सचिन, बघ की जरा. बाईंनी मॉडेल फारच कडक केलंय का? तुला कळतं त्यातलं." खांद्यावर हात ठेवून ते गेले.

मी मॉडेल उघडलं. पाटीची मागची सगळी बाजू निवडली आणि ती तुळईला चिकटवलेली आहे असं सांगितलं. चार बोल्टांच्या जागी अख्खा पंजा. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. परत चालवलं, तेव्हा भोकांभोवतीचा लाल रंग गेला आणि सगळं हिरवं-निळं झालं. मी स्वतःला म्हणालो, बोल्ट घट्ट आवळले तर असंच होतं. म्हणालो, बरेच जण असं करतात. दोन्ही गोष्टी थोड्या खऱ्या होत्या, म्हणूनच मला वापरता आल्या.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर जुन्या प्रतीतून आलेली ओळ होती: तपासणी, र. मुजावर. ती मला दिसली. "वापरू नये"ची ओळ मी खोडली होती, ही खोडली नाही. ते नाव असलं की चाकणचे लोक पुढचं पान उलटत नसत, हे मला ठाऊक होतं. मी रिपोर्ट पाठवला आणि चहा प्यायला गेलो.

मॅडम परत आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या चौकटीचं काय झालं?"

"पाटी जाड केली त्यांनी," मी म्हणालो.

"चालेल," त्या म्हणाल्या.

चार महिन्यांनी पाटी भोकापासून फाटली. गिअरबॉक्स खाली आला आणि ठेकेदाराच्या एका कामगाराच्या पायावर पडला. त्याचा पाय घोट्यापासून काढावा लागला.

कारखान्याचे तिघे जण आमच्या ऑफिसात आले. पडद्यावर रिपोर्टचं पहिलं पान लावलं होतं. पाटणकर साहेब, मी, मुजावर मॅडम. मॅनेजरनं त्यांच्याकडं बघून विचारलं, "मॅडम, तपासणी तुमची आहे ना?"

मॅडमनी हात करून पुढची पानं दाखवायला सांगितलं. मॉडेलचं चित्र आलं. पाटीच्या मागच्या बाजूवर, सगळ्या बाजूवर, धरल्याच्या खुणांचे छोटे त्रिकोण दाटीनं बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जवळ जाऊन बघितलं. मग वळल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. रागानं नाही. मी काही सांगायला गेलो की जशा थांबायच्या, तशा थांबल्या होत्या.

मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत राहिलो.

"नाव माझं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "हे मॉडेल माझं नाही."

"मग कुणाचं?"

"ज्यानं केलंय त्याला ठाऊक आहे."

पाटणकर साहेब म्हणाले, "सचिन?"

"सर, त्या वेळी दोन-तीन प्रती चालू होत्या," मी म्हणालो. "बघावं लागेल."

तेवढंच बोललो. त्या वाक्यात पकडण्यासारखं खोटं काही नव्हतं. इतकं गुळगुळीत वाक्य मला कसं सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "सर्व्हरवर फाइल कुणी कधी बदलली ते लिहिलेलं असतं. तुला ठाऊक आहे."

"मॅडम, मी..."

"मला नको सांगू. साहेबांना सांग. सोमवारपर्यंत थांबते."

सोमवारी मी पोट बिघडलंय म्हणून घरी राहिलो. मंगळवारी गेलो तेव्हा पाटणकर साहेबांनी मला आत बोलावलं. ड्रॉवर उघडून एक कागद दाखवला. त्यावर सर्व्हरची नोंद होती. माझं नाव, तारीख, वेळ. मॅडमनी तो सोमवारी सकाळी त्यांच्यापुढं ठेवला होता.

"हा कागद इथंच राहील," साहेब म्हणाले आणि ड्रॉवर ढकलला. "तू नवीन कामं आणतोस. मॅडमना मी सांगितलंय, तपासणीची जबाबदारी तुमची होती, फाइल उघडी टाकून रजेवर जायला नको होतं. वाचलास."

मी "थँक यू सर" म्हणालो. खरंच म्हणालो.

मॅडम त्या आठवड्यातच नोकरी सोडून गेल्या. ड्रॉवरमधल्या पत्रिकांना सुतळी बांधून त्यांनी पिशवीत भरलं. तेजस पिशवी घेऊन खालपर्यंत गेला. मी फोनवर बोलत असल्याचं दाखवत खिडकीशी उभा होतो. पलीकडं कोणी नव्हतं.

यापुढं मी काही केलं नसतं तर निदान एवढ्यावर थांबलं असतं. सात-आठ महिन्यांनी एका कंपनीच्या भरती विभागातून एका मुलीचा फोन आला. रझिया मुजावर तुमच्या टीममध्ये होत्या ना, त्यांच्याविषयी दोन शब्द सांगाल का? माझं नाव मॅडमनी दिलेलं नव्हतं, त्या कंपनीनंच शोधलं होतं. मी म्हणालो, "हुशार आहेत. खूपच." आणि मग म्हणालो, "टीमबरोबर थोडं जड जातं."

"तुम्ही त्यांना परत घ्याल का, सर?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. तेवढं पुरलं. "ओके सर, समजलं," ती मुलगी म्हणाली.

मी तसं का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या कुठंतरी चांगल्या जागी बसल्या असत्या, तर कधीतरी कुणाला तरी त्यांचं म्हणणं खरं वाटलं असतं. त्या थोड्या वाईट ठरणं माझ्या सोयीचं होतं. याहून बरं कारण मला सापडलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत मी तळवड्याला एका टेस्टिंगच्या शेडमध्ये गेलो होतो. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. आमचे ब्रॅकेट तुटेपर्यंत ओढून बघायचे होते. शेडच्या मधोमध हायड्रॉलिक मशीन आणि त्याच्याशेजारी, गळ्यात आवाज अडवणारे कानाचे मफ अडकवून, मुजावर मॅडम. केस पुष्कळ पांढरे झाले होते.

"ये सचिन. त्या पिवळ्या पट्टीच्या मागं उभा राहा."

जणू मी कालच रजेवरून आलो होतो. त्यांनी आमच्या ब्रॅकेटची कागदपत्रं तपासली, एक सही राहिली होती ती दाखवली. ऑपरेटर बोल्ट आवळत होता. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही.

"मॅडम, तो रिपोर्ट. ते मी केलं होतं."

"मला ठाऊकच आहे की."

"आणि तुमच्याविषयी मला एक फोन आला होता. तेव्हा मी..."

"तेही कळलं होतं. चाकण एवढं मोठं नाही."

"मला माफ करा, मॅडम."

त्यांनी हातातलं फडकं मशीनवर ठेवलं. "मला कशाला सांगतोस? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगितलंस का?"

मी राहिलेली सही करायला कागद पुढं ओढले.

"मला उशिरा का होईना, काम मिळालं. त्या पोराचा पाय गेला. त्याला अजून वाटतंय, आपणच गिअरबॉक्स नीट अडकवला नव्हता. त्याला तसंच सांगितलंय सगळ्यांनी. नाव काय रे त्याचं?"

मला आठवेना. आठवेना म्हणणंही खोटं आहे. मला ते कधी माहीतच नव्हतं. मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या, तशाच, पडद्यासमोर उभ्या राहिल्या होत्या तशा. मग ऑपरेटरनं "झालं, मॅडम" म्हणून हाक मारली आणि त्यांनी मफ कानांवर चढवले.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. फोनवर जुन्या मेलमधून अपघाताचा अहवाल शोधून काढला. तेव्हा मी तो उघडला होता आणि थेट फाटलेल्या पाटीच्या फोटोंवर गेलो होतो. पहिल्याच पानावर, वरून दुसऱ्या ओळीत, नाव होतं. दत्ता विठ्ठल कांबळे, वय सव्वीस, राहणार महाळुंगे.

मी उतरून परत शेडच्या दारात गेलो. मशीन सुरू झालं होतं, त्याची घरघर पत्र्यावर घुमत होती. मॅडमची माझ्याकडं पाठ होती. मी ते नाव मोठ्यानं घेतलं. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांची नजर ब्रॅकेटवर होती आणि उजवा हात वर होता. त्या हातानं त्या ऑपरेटरला सावकाश खुणावत होत्या: अजून, अजून थोडं.

महाळुंगे तिथून अर्ध्या तासावर आहे. मी अजून गेलेलो नाही.